शंभर हातांची गाडी

४ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार. डोळ्याच्या ऑपरेशननंतर तुम्हाला बारीक वाचायला त्रास होतो, म्हणून शाळेत गिरवायचो तसली टपोरी अक्षरं काढतेय. फोनच केला असता, पण फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तुम्ही पदरचं घालता. या विषयात मला तुमच्या पदरचं नकोय, डोक्यातलं हवंय.

मी गाडी घ्यावी म्हणतेय.

बसलात का? बसा. नवी नाही घेत. आमच्या इथे मोठ्या चौकापलीकडे गाड्या भाड्याने देणारी एक कंपनी आहे. त्यांच्या गाड्या काही वर्षं फिरल्या की ते विकून टाकतात. त्यातली एक पांढरी, सात सीटची, मागच्या सीटा आडव्या पडणारी. बसमधून येता-जाता मी तिच्याकडे बघायचे. मग एकदा मुद्दाम अलीकडच्या थांब्यावर उतरले आणि आत गेले. आता विक्री बघणाऱ्या बाई मला लांबूनच हात करतात.

तुम्हाला माझं काम माहीत आहे. पडदे शिवते मी घरात, पण मापं घ्यायला आणि पडदे लावायला लोकांकडे जावं लागतं. शिडी, ड्रिल, दांड्या, रिंगांच्या पिशव्या आणि पडद्यांची गाठोडी घेऊन बसमध्ये चढले की कंडक्टर माझ्याकडे असं बघतो की मी अख्खं घरच हलवायला निघालेय. परवा एका काकांच्या टोपीत दांडी अडकली. त्यांनी ती काढून घेतली, पण पुढचे चार थांबे माझ्याशी बोलले नाहीत.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. पण नोकरी करणाऱ्या बायकांचं नवीन वसतिगृह गावाबाहेर होतंय, त्यांच्या सगळ्या खोल्यांचे पडदे मला मिळतायत. इतकं मोठं काम मला आजवर कोणी दिलेलं नाही. तिथल्या व्यवस्थापक बाईंनी एवढंच विचारलं, "सामान आणायला तुमची गाडी आहे ना?" तिथे बस जात नाही. माझ्या तोंडून "आहे" निघून गेलं. आता ती असायला हवी.

आई म्हणते, बाबा असते तर बाबांना विचारलं असतं. मी म्हटलं, बाबांनीही मामालाच विचारलं असतं. जन्मभर गाडी शिकवणारा माणूस घरात असताना दुसऱ्या कोणाला विचारायचं? तुम्ही "घे" म्हणालात तरच सही करेन. त्या बाई मार्चच्या पंधरा तारखेपर्यंत थांबायला तयार आहेत.

मामीला सांगा, तिच्या बैठकीच्या खोलीच्या पडद्याचं कापड निवडून ठेवलंय.

तुमची,
टाचणी


११ फेब्रुवारी

टाचणे,

पत्र मिळालं. अक्षरं टपोरी आहेत, अक्कल मात्र बारीक दिसते.

भाड्याची गाडी! अगं, भाड्याने गाडी घेणारा माणूस कसा चालवतो हे तुला माहीत आहे का? घरी परत जाऊन जिला धुवायची नाही, पुसायची नाही, जिचं तोंडही पुन्हा बघायचं नाही, तिला माणूस कशी वागवेल? एक हँडब्रेक न सोडताच पुढे नेतो. दुसरा क्लचवर पाय ठेवून बसतो, जणू पायाला तक्क्या मिळालाय. तिसरा खड्डा दिसला की म्हणतो, जाऊ दे, आपली थोडीच आहे. सकाळी एक, संध्याकाळी दुसरा. शंभर हातांची गाडी ती. बाहेरून पांढरी दिसते कारण रोज धुतात. आतून काय झालंय ते तिचं तिलाच ठाऊक.

वापरलेली गाडी घ्यायला माझी ना नाही. पण एका हातची घे. कोणी मास्तर असेल, कोणी बँकेतला असेल, रविवारी बायकोला घेऊन हळूहळू फिरणारा. अशा माणसाची गाडी मी डोळे मिटून घेईन. डोळ्यांवरून आठवलं, डॉक्टरांनी मला अजून महिनाभर गाडीला हात लावायचा नाही असं बजावलंय. रोज सकाळी किल्ली उचलतो आणि पुन्हा खुंटीला लावतो.

आणि त्या वसतिगृहाच्या बाईंना "आहे" कशाला म्हणालीस? ताईला माझा नमस्कार. तिला म्हणावं, तुझी मुलगी तुझ्यावर गेलीय, आधी बोलते मग विचार करते.

थोडक्यात, नको.

तुझा मामा

ता. क. – टाचणी, मी मामी. हे पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून चार ओळी घुसडतेय. यांचं ऐकू नकोस असं मी म्हणणार नाही. पण यांनी आजवर एकाही गाडीला "घे" म्हटलेलं मला आठवत नाही. समोरच्यांनी शोरूममधून नवीकोरी आणली, तिच्याभोवती फिरून हे म्हणाले, "दरवाजाचा आवाज पोकळ येतोय." त्यांच्या घरी अजून आमच्याशी जेवढ्यास तेवढंच बोलतात.


१५ फेब्रुवारी

मामा,

तुमचं "नको" आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "लहानपणी त्याला सायकल आणली तेव्हाही आधी नकोच म्हणाला होता. मग रात्री तिला उशाशी घेऊन झोपला."

आता माझं ऐका. शंभर हातांची गाडी वाईट, हे मान्य. मग तुमच्या ड्रायव्हिंग शाळेची ती निळी गाडी किती हातांची होती?

रोज सकाळी सहापासून एकेक नवा माणूस त्या गाडीत बसायचा. तुमच्या शाळेत कोणाला गाडी येत असती तर तो आलाच कशाला असता? भाड्याने घेणाऱ्याला निदान चालवता तरी येते. तुमच्या निळीच्या गिअरने जे ऐकलंय ते कुठल्या गाडीच्या वाट्याला आलं नसेल. त्या दत्तांच्या बंगल्यातल्या... नको, नावं घेत नाही, त्या आजींनी तिला सरळ कुंपणात घातली होती. उलटं जायचं होतं म्हणे त्यांना. आणि तरीही ती गाडी तुम्ही किती वर्षं चालवलीत! विकलीत तेव्हा तुम्ही धड जेवत नव्हता. घेणारा माणूस तिला घेऊन गेला आणि तुम्ही फाटकात उभे राहून त्याच्या गिअर बदलण्याला नावं ठेवत होता, मामीनेच सांगितलंय.

ती टिकली कारण तुम्ही तिची तब्येत वेळच्या वेळी बघत होता. भाड्याची कंपनीही तेच करते. वाटेत बंद पडली तर त्यांचंच नुकसान. तो तुमचा रविवारी हळूहळू फिरणारा मास्तर तेल बदलतो का कधी? आमच्या शेजारच्यांची गाडी एकाच हातची आहे आणि तिच्या बॉनेटवर मांजर बाळंत झालीय.

मी परवा पुन्हा जाऊन आत बसून आले. खरं सांगते, सगळं काही चांगलं नाहीये. डिकीच्या कडेला बॅगा घासून घासून रंग गेलाय. दारावरची कंपनीची अक्षरं काढलीत, पण ऊन तिरकं पडलं की वाचता येतात. सीटखाली लहान मुलीची केसांची पिन सापडली. रेडिओवर सहा बटणं आहेत आणि सहाही ठिकाणी वेगवेगळ्या भाषेतली गाणी लागतात. पण स्टिअरिंग हातात घेतलं आणि मामा, मला तिथून उठावंसंच वाटेना. त्या बाईंनी विचारलं, "चहा सांगू का?" म्हणजे किती वेळ बसले असेन बघा.

कागदावर वाद घालू नका. येऊन बघा.

टाचणी


२० फेब्रुवारी

टाचणे,

मी निरुत्तर झालो असं समजू नकोस. निळीची गोष्ट वेगळी. ती सुटेसुटे शंभर हातांत गेली नाही, प्रत्येक हाताशेजारी मी बसलेला होतो.

तरी येतो. येत्या रविवारी सकाळच्या बसने. तुझ्या मामीला जमणार नाही, आमच्याकडे रंगाचे लोक आलेत आणि त्यांच्यावर नजर ठेवली नाही तर ते खिडकीची काचही रंगवतील.

त्या विक्रीवाल्या बाईंना सांगून ठेव, मी येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. गार इंजिन कसं जागं होतं ते मला ऐकायचंय. पाणी मारून ठेवू नका म्हणावं. चटया मी स्वतः उचलणार. आणि मग गावातून एक मोठा फेरा मारायचा, चढ, उतार, गर्दी, सगळं. मला चालवायला बंदी आहे, तेव्हा तू चालव, मी शेजारी बसतो.

ताईला म्हणावं, जेवायला साधंच कर.

मामा


२ मार्च

टाचणे,

सुखरूप पोचलो. ताईने बांधून दिलेला डबा बसमध्येच संपला, तुझ्या मामीला फक्त झाकण मिळालं. ताई ठणठणीत दिसली, मला बरं वाटलं. तुझी ती शिवणाची खोलीही आवडली. भिंतीवर कात्र्या ओळीने टांगल्यात तशी शिस्त मला माझ्या शाळेत कधी लावता आली नाही.

आता गाडी. तिथे तुझ्यासमोर मी काही बोललो नाही, कारण मी घाईने बोलत नाही. घरी येऊन शांतपणे विचार केला.

इंजिन उत्तम. गार असताना एका झटक्यात जागं झालं, खोकलं नाही की कुरकुरलं नाही. गिअर लोण्यासारखे. टायर सारखे झिजलेत, म्हणजे चाकं सरळ आहेत. चटईखाली गंज नाही. मी आलो तेव्हा मनात नक्की केलं होतं की हिला नावं ठेवायची, पण ठेवायला काही मिळेना. आपली भाची बरोबर निघणार की काय असं मला वाटायला लागलं होतं.

पण ब्रेक. ब्रेक दाबला की लगेच पकडत नाही. एक श्वास जातो आणि मग गाडी थांबते. शाळेच्या फाटकापाशी तसंच झालं. दुधाची सायकल आडवी आली तेव्हा तसंच. नदीकडच्या उतारावर तर मी दाराची मूठच धरली. प्रत्येक वेळी तेवढाच उशीर. एकदा झालं असतं तर मी सोडून दिलं असतं. ही खोट आहे आणि ती जुनी आहे. शंभर जणांनी वाट्टेल तसे ब्रेक मारले की हेच होणार.

ब्रेकशी मी तडजोड करत नाही. त्या गाडीत माझी बहीण बसणार, तू बसणार. नको. या वेळी खरंच नको. वाईट वाटून घेऊ नकोस, आपण दुसरी शोधू.

मामा


६ मार्च

मामा,

तुमचं पत्र वाचलं आणि त्याच दिवशी विक्रीवाल्या बाईंना विचारून गाडी आमच्या गल्लीच्या तोंडाशी गॅरेज आहे तिथे नेली. त्यांनी ती वर उचलली, चारही चाकं काढली, ब्रेक उघडून बघितले. नंतर स्वतः चालवून आणली. ते म्हणाले, ब्रेकमध्ये काहीही नाही, कंपनीने नुकतेच नवे भाग घातलेत. माझा विश्वास बसेना म्हणून मी त्यांना नदीच्या उताराकडे पुन्हा पाठवलं. परत आले तेव्हा थोडे चिडलेले होते.

मलाही चालवताना उशीर जाणवला नव्हता. पाय ठेवला की गाडी थांबत होती. पण तुम्ही म्हणताय म्हणजे काहीतरी असणार. ब्रेकबद्दल तुमचं आजवर चुकलेलं नाही.

मग मी रात्रभर... नाही, रात्रभर नाही, पण बराच वेळ विचार केला. गाडीत खोट नसेल तर चालवणारीत असेल. मामा, तुम्हाला मला दुखवायचं नसेल म्हणून तुम्ही ब्रेकवर ढकलताय का? तसं असेल तर सरळ लिहा. मी रडणार नाही. थोडी रडेन, पण वाचेन.

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. तुम्ही मला निळीवर शिकवलंत. तिला तुमच्या बाजूलाही ब्रेक होता. मी लायसन्स घेतलं, सगळ्यांनी पेढे भरवून तोंड गोड केलं, पण मला मनातून कधी कळलंच नाही, त्या दिवसांत गाडी मी थांबवत होते की तुम्ही. म्हणून तर लायसन्स मिळूनही मी इतकी वर्षं बसने फिरतेय. कापडवाल्यांची व्हॅन कधीतरी चालवते, ती सुद्धा रिकाम्या रस्त्यावर. परवा तुम्हाला शेजारी बसवून भर गर्दीतून नेलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, जमतंय की. आणि तुमचं हे पत्र आलं.

गाडीचं जाऊ दे. वसतिगृहाच्या बाईंना मी पुढच्या आठवड्यात नाही म्हणून कळवते. काम दुसऱ्या कोणाला तरी मिळेल. माझी घरगुती कामं आहेतच.

मामीच्या पडद्याचं कापड धुवून ठेवलंय, नंतर आटायला नको.

टाचणी


९ मार्च

माझी लाडकी टाचणी,

हे पत्र तुझी मामी लिहितेय. तुझा मामा आतल्या खोलीत बसून तुला लिहितोय, पण कागद फाडल्याचा आवाज मला इथवर येतोय. म्हणून आधी मीच लिहिते. पहिलं काम, वसतिगृहाच्या बाईंना काहीही कळवू नकोस. कळवलं असशील तर धावत जाऊन फिरव.

तर काय झालं ते ऐक. तुझ्याकडून परत आल्यापासून हे लंगडत होते. उजवी पोटरी भरून आली होती. मी म्हटलं बसमध्ये अवघडले असतील. तुझं परवाचं पत्र आलं, यांनी वाचलं, घडी घातली आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मी काही विचारलं नाही. हे खिडकीपाशी उभे राहिले की विचारायचं नसतं.

संध्याकाळी मी पोटरीला तेल चोळायला बसले. म्हटलं, "एवढी का हो भरून आलीय?" तर म्हणतात, "अगं, अख्खं गाव ब्रेक दाबत गेलो, भरून येणारच."

मी चोळायची थांबले. म्हटलं, "गाडी टाचणी चालवत होती ना?"

"होय."

"मग ब्रेक तुम्ही कसा दाबलात?"

टाचणी, तुला यांचा चेहरा दाखवता आला असता तर! तेल लावलेला पाय तसाच हवेत. मग उठले, खुर्ची ओढून त्यावर ताठ बसले आणि समोरच्या फरशीवर तो पाय एकदा दाबून बघितला. पुन्हा एकदा दाबला. मग माझ्याकडे बघून अगदी हळू आवाजात म्हणाले, "तिथे नुसती चटई होती गं."

मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर नॅपकिन दाबला. तरी हसू फुटलंच. रंगाचे लोक बघायला आले, बाईंना काय झालं म्हणून.

पण नंतर यांना खरंच वाईट वाटलं गं. म्हणतात, "मी पोरीला उगाच घाबरवलं." जेवणातही लक्ष नव्हतं. यांचं पत्र मागोमाग येतंय. त्यात रागावले असतील तर ते तुझ्यावर नाही.

कापड धुतलंस ते बरं केलंस. रंग भिंतीला जुळेल ना? भिंत आता फिकट पिवळी झालीय.

तुझी मामी


१० मार्च

टाचणे,

तुझ्या मामीने सगळं लिहून टाकलंय म्हणे. पाकीट माझ्या आधी टाकून आली. तेव्हा मला लपवायला काही शिल्लकच नाही.

जन्मभर मी डावीकडच्या सीटवर बसलो. उजवीकडे नवशिका आणि माझ्या पायाखाली माझा ब्रेक. पुढे काही आडवं आलं की डोक्याला कळायच्या आत माझा पाय दाबला जायचा. शाळा बंद केली, निळी विकली, पण पायाला कोणी कळवलं नाही. त्या दिवशी तुझ्या शेजारी बसलो आणि त्याने आपलं काम सुरू केलं. मी दाबत होतो आणि गाडी थांबत होती. ब्रेक माझ्या पायाखाली आहे याविषयी मला शंकासुद्धा आली नाही. आणि वर मी तुला पत्र लिहितो की उशिरा पकडतोय!

आता तो उशीर कसला ते सांगतो. शिकवणाऱ्याला वेळेच्या आधी दाबावा लागतो. नवशिक्यावर भरवसा ठेवून वाट बघितली तर दुधाची सायकल गेलीच म्हणून समज. मी माझ्या सवयीने आधी दाबत होतो. तू वेळेवर दाबत होतीस. तेवढाच काय तो एका श्वासाचा फरक. शाळेच्या फाटकापाशी, उतारावर, सगळीकडे सारखाच उशीर होता असं मीच लिहिलंय ना? हात-पाय बावरलेल्या माणसाचा उशीर सारखा येत नाही. कधी लवकर, कधी उशिरा, कधी कुंपणात. सारखा येतो तो ज्याला येतं त्याचा. हे मी शेकडो लोकांना शिकवलं आणि माझ्याच भाचीचं मला ओळखता आलं नाही.

तू विचारलंस, निळीवर शिकताना गाडी तू थांबवत होतीस की मी. खरं सांगू? मलाही माहीत नाही. या पायाचे उद्योग बघितल्यावर तर मी छातीठोकपणे काहीच सांगू शकत नाही. काही वेळा तू थांबवली असशील, काही वेळा मी. तुला खोटं सांगून बरं वाटायला लावणार नाही.

पण त्या रविवारचं मी शपथेवर सांगतो. माझ्या बाजूला चटईशिवाय काही नव्हतं. गाडी एकदाही माझ्या पायाने थांबली नाही. अख्खा फेरा तू एकटीने चालवलास आणि जिथे थांबायचं तिथे एकटीनेच थांबलीस. मी शेजारी बसून फक्त पोटरी दुखवून घेतली.

तुला त्रास दिला, माझं चुकलं. गॅरेजवाल्यांनाही म्हणावं, मामांनी माफी मागितलीय.

आणि ज्यासाठी तू पहिलं पत्र लिहिलंस त्याचं उत्तर राहिलंच.

घे.

तुझा मामा


१७ मार्च

मामा, मामी,

घेतली!

पंधराला सकाळी दार उघडायच्या आधीच मी तिथे हजर होते. विक्रीवाल्या बाईंनी कागद पुढे केले, मी सही केली, तर त्या म्हणाल्या, "अहो, हळू, पेन मोडेल." दोन किल्ल्या दिल्यात. एक आईच्या ताब्यात आहे. तिला चालवता येत नाही, पण ती किल्ली घेऊन खाली जाते, गाडी उघडते, आत बसून शेजारणींशी काचेतून बोलते आणि कुलूप लावून वर येते.

मागच्या सीटा पाडल्या की शिडी तिरकी बरोबर मावते. दांड्या मध्ये, गाठोडी दोन्ही बाजूंना. काल वसतिगृहात पहिली फेरी केली. सामान उतरवताना व्यवस्थापक बाई बाहेर आल्या, गाडीकडे बघून म्हणाल्या, "छान ठेवलीय तुम्ही." मी म्हटलं, "हो, काळजी घ्यावी लागते." दोन दिवसही झाले नव्हते!

रेडिओची बटणं मी बदलली नाहीत. तिसऱ्या बटणावर कुठल्या भाषेत ते कळत नाही, पण एक बाई फार गोड गाते. वाहतूक अडली की तेच लावते.

मामा, तुमचं दहा तारखेचं पत्र मी इतक्या वेळा वाचलंय की आई म्हणाली, फ्रेम कर एकदाची. "शपथेवर" लिहिलंत तिथे मी रडले. तुम्ही खोटं सांगून बरं वाटायला लावलं नाहीत, त्याचंच जास्त बरं वाटलं.

येत्या रविवारी मी तुम्हा दोघांना न्यायला येतेय. आधी वसतिगृहाचे पडदे दाखवणार, मग आमच्याकडे जेवण, आणि संध्याकाळी घरी सोडेन. मामीच्या खोलीचे पडदे शिवून झालेत, तेही लावून देईन. डाव्या सीटपुढे जाड चटई घातलीय. हवी तेवढी दाबा.

टाचणी


२५ मार्च

टाचणे,

पडदे पिवळ्या भिंतीला शोभतायत. तुझी मामी सकाळपासून ते उघडतेय आणि मिटतेय. समोरच्यांना बोलावून दाखवलेही. त्या निमित्ताने त्यांचा आमच्यावरचा राग गेला असं दिसतंय, कारण जाताना त्यांनी तुझा फोन नंबर घेतला.

वसतिगृहातल्या तुझ्या कामाबद्दल मला तिथे नीट बोलता आलं नाही. एका मजल्यावरच्या सगळ्या खिडक्या, सगळ्या पडद्यांच्या चुण्या एकसारख्या, खालची कड फरशीपासून सारख्याच अंतरावर. ताई म्हणत होती, "माझ्या मुलीने केलंय." मी म्हटलं, माझ्या भाचीने केलंय. आम्ही दोघं त्यावरून जिन्यात थोडे भांडलोही.

आता मुख्य गोष्ट. तुझी मामी सगळीकडे सांगत सुटलीय. दूधवाल्याला सांगून झालं, पोस्टात सांगून झालं. मी आधी साफ नाकारलं. म्हटलं, मी डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकत होतो. पण तुला खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय, तेव्हा ऐक.

तू आम्हाला सोडायला निघालीस तेव्हा मी सवयीने पुढचं दार उघडलं होतं. मग वाटलं, नको, आज मामीला पुढे बसू दे. मी मागे बसलो. टाचणे, शाळा सुरू केल्यापासून मी कुठल्याच गाडीत मागे बसलो नव्हतो. बसमध्येसुद्धा मी ड्रायव्हरच्या जवळची जागा धरतो. मागून रस्ता नीट दिसत नाही. मामीची मान दिसते, तुझे खांदे दिसतात, बाजूने झाडं जातात. तुम्ही दोघी पडद्यांच्या अस्तराबद्दल काहीतरी बोलत होता. शाळेच्या फाटकापर्यंतचं मला आठवतंय. तिथे मुलं रस्ता ओलांडत होती, तू थांबलीस, मी पायाकडे बघितलं. तो आपला गुमान पडून होता.

त्यापुढचं मला काही आठवत नाही.

लोक म्हणतात, गाडीत बसलं की झोप येते. मला कधी आली नाही. दुसऱ्याच्या हातात गाडी आहे आणि मी झोपलोय, असं माझ्या आयुष्यात घडलेलं नाही. लग्नाच्या वरातीतसुद्धा मी त्या ड्रायव्हरला वळणं सांगत होतो, मामीला विचार. काल सांगायला काही उरलं नव्हतं. मी मागे बसून म्हाताऱ्या माणसासारखा, लहान पोरासारखा, कसाही म्हण, गाढ झोपलो. मामी म्हणते घोरत होतो. असेन.

जाग आली तेव्हा मामी दार उघडून उभी होती आणि तू डिकीतून पडद्यांचं गाठोडं काढत होतीस. आपल्या घराचं फाटक समोर होतं.

गाडी कधी थांबली, मला कळलंच नाही.

तुझा मामा